शब्दांची भावकी

जोडाक्षरांचे पाठ तुम्ही पुरे केले. आता ग्रामपंचायतीची पाटी, एस.टी.ची पाटी, बँकेतला फलक तुम्हाला वाचता येतो. ही काही लहान गोष्ट नाही. पण वाचता आले म्हणजे समजलेच, असे होत नाही. आज जागोजागी असे दिसते की अक्षरे मराठी, आणि शब्द मात्र इंग्रजी. 'परमिट', 'सबमिट', 'रिजेक्ट', 'रिमांड', 'ट्रान्झिट पास'. शब्द तोंडाने खडखडीत वाचला जातो, पण अर्थ हाती लागत नाही. धानाची लोंबी भरदार दिसावी आणि चोळून पाहिली तर आत दाणा नसावा, तसे हे होते.

असे शब्द शेकड्यांनी आहेत. एकेक घेऊन पाठ करायचे म्हटले तर जन्म पुरायचा नाही. पण एक सोपी वाट आहे. माणसांना जशी भावकी असते, तशी शब्दांनाही असते. एका भावकीतल्या शब्दांत काही अक्षरे सारखी असतात. त्या अक्षरांचा अर्थ एकदा कळला की सगळ्या भावंडांचा निम्मा अर्थ कळतो. राहिलेला निम्मा आपल्या अनुभवाने लागतो. आम्ही शाळेत मुलांना याच वाटेने नेत असू. मोठ्या माणसांना ही वाट आणखी सोपी जाते, कारण अनुभव त्यांच्या गाठीला अगोदरच असतो.

आधी आपल्या घरचे शब्द

आपल्याच मुलखातली गावे घ्या. एटापल्ली, आलापल्ली. दोन्हींच्या शेवटी 'पल्ली' आहे. तेलुगू भाषेत पल्ली म्हणजे गाव. चंद्रपूर, बल्लारपूर, नागपूर. तिन्हींच्या शेवटी 'पूर' आहे. पूर म्हणजे नगर.

आता माणसे घ्या. वनपाल, वनक्षेत्रपाल, राज्यपाल. 'पाल' म्हणजे सांभाळणारा. वनपाल वन सांभाळतो, राज्यपाल राज्य सांभाळतो. ठेकेदार, दुकानदार, जमीनदार. 'दार' हा फारसी तुकडा. त्याचा अर्थ धरणारा, बाळगणारा. ठेका धरतो तो ठेकेदार. दुकान बाळगतो तो दुकानदार.

पण सावध राहा. भिंतीवरची पाल ही वनपालाच्या भावकीतली नव्हे. घराचे दार हे ठेकेदाराच्या भावकीतले नव्हे. चेहरा सारखा म्हणून सोयरीक जुळत नाही. ही खूण ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

इंग्रजीतही असेच आहे. मराठीने जसे कितीतरी शब्द संस्कृतातून घेतले, तसे इंग्रजीने लॅटिन नावाच्या एका जुन्या भाषेतून घेतले. त्यांतले काही तुकडे आपण आज शिकू. जे तुकडे जंगलाच्या आणि जमिनीच्या कागदांवर येतात, तेच आम्ही निवडले आहेत.

पहिली भावकी : रि

'रि' शब्दाच्या सुरुवातीला येतो. त्याचा अर्थ मागे, परत किंवा पुन्हा.

रिटर्न म्हणजे परत फिरणे. एस.टी.चे किंवा रेल्वेचे रिटर्न तिकीट म्हणजे परतीचे तिकीट.
रिफंड म्हणजे पैसे परत.
रिन्यू म्हणजे पुन्हा नवे करणे. परवान्याची मुदत संपली की तो रिन्यू करतात.
रिजेक्ट म्हणजे मागे फेकणे. नामंजूर करणे.
रिमांड म्हणजे परत पाठवणे.

आता खोटे भाऊ पाहू. रिक्षा हा शब्द 'रि'नेच सुरू होतो, पण तो या घरचा नाही. तो मुळात जपानी आहे. माणसाच्या बळाने चालणारी गाडी, असा त्याचा मूळ अर्थ.

दुसरी भावकी : जेक्ट

'जेक्ट' म्हणजे फेकणे, टाकणे. कोणत्या बाजूने टाकले, ते अलीकडचा तुकडा सांगतो.

इंजेक्शन. 'इन' म्हणजे आत. औषध अंगाच्या आत टाकणे.
प्रोजेक्ट. 'प्रो' म्हणजे पुढे. पुढे टाकलेली, म्हणजे पुढे करायच्या कामाची योजना. मराठीत प्रकल्प.
ऑब्जेक्शन. समोर आडवे टाकणे. मराठीत हरकत. वाटेत कोणी लाकूड आडवे टाकावे, तसे कामात आडवे येणे.
रिजेक्ट. 'रि' म्हणजे मागे. मागे फेकणे.

दवाखान्यातले इंजेक्शन तुम्हाला कळतच होते. त्याच्या जोरावर कचेरीतला रिजेक्ट आता कळला. भावकी अशी उपयोगी पडते.

रिजेक्ट आणि रिमांड यांतला भेद

हे दोन शब्द नीट समजून घ्या. त्यांत जमिनीचा प्रश्न आहे.

सन २००६ मध्ये वनहक्कांचा कायदा झाला. जे आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत आले, त्यांना त्या जमिनीवर दावा करता येतो. जे आदिवासी नाहीत, पण तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षे जंगलाच्या आधाराने राहत आले, त्यांनाही दावा करता येतो. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. तेथून तो उपविभागीय समितीकडे जातो. तेथून जिल्हा समितीकडे.

दाव्याच्या कागदावर 'रिमांड' लिहिले असेल, तर दावा मेला असे समजू नका. कागद अपुरे आहेत, किंवा आणखी तपास हवा आहे, म्हणून तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवला आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेतावर परत जाऊन राहिलेली बांधी नांगरावी, तसे राहिलेले काम पुरे करायचे.

'रिजेक्ट' लिहिले असेल, तर दावा नामंजूर झाला. पण तेथेही सगळे संपत नाही. नामंजूर का केला, त्याची कारणे लेखी दिली पाहिजेत. ती दावेदाराला कळवली पाहिजेत. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर ६० दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो. उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो.

साठ दिवस म्हणजे दोन महिने. जो माणूस 'रिजेक्ट' हा शब्द वाचून कागद फळीवर ठेवून देतो, त्याचे दोन महिने तसेच निघून जातात. जो अर्थ समजतो, तो त्याच दिवशी तारीख लिहून ठेवतो आणि दिवस मोजू लागतो. दोघांनाही वाचता येते. फरक पडतो तो अर्थ कळण्याने.

रिमांड हा शब्द पोलिसांच्या कामातही येतो. आरोपीला कोर्ट पुन्हा कोठडीत पाठवते, त्यालाही रिमांड म्हणतात. म्हणून दाव्यावर तो शब्द पाहून कोणी घाबरून जाते. घाबरू नका. दोन्हीकडे अर्थ एकच, परत पाठवणे. येथे परत पाठवला तो कागद, माणूस नव्हे.

रिमांडला आणखी एक भावंड आहे. 'मांड' म्हणजे सोपवणे, हुकूम करणे. डिमांड म्हणजे मागणी. वीज जोडणीच्या वेळी डिमांड नोट येते, ती पैशाच्या मागणीची चिठ्ठी.

तिसरी भावकी : मिट

'मिट' म्हणजे पाठवणे, जाऊ देणे.

परमिट. यातून जाऊ देणे. मराठीत परवाना.
ॲडमिट. आत घेणे. रोग्याला दवाखान्यात ॲडमिट करतात.
सबमिट. 'सब' म्हणजे खाली. वरच्या माणसापुढे पाठवणे, सादर करणे. अर्ज सबमिट करणे म्हणजे अर्ज दाखल करणे.
कमिटी. कित्येक जणांवर मिळून सोपवलेले काम करणारे मंडळ. मराठीत समिती.

आणि खोटा भाऊ कोणता? लिमिट. त्याच्याही शेवटी 'मिट' आहे, पण तो पाठवण्याच्या घरचा नाही. लिमिट म्हणजे सीमा, शिवेची रेघ.

सबमिट या शब्दाशी एक व्यवहार जोडलेला आहे. अर्ज सबमिट केला की रिकाम्या हाताने घरी यायचे नाही. पोच घ्यायची. पोच देणाऱ्या कागदाला रिसीट म्हणतात. त्याचा अर्थ मिळाल्याची पावती. पोचेवर तारीख आहे का, सही-शिक्का आहे का, ते तेथेच उभे राहून वाचा. पुढे कोणी म्हणाले की तुमचा अर्ज आलाच नाही, तर तुमची बाजू तो एक चिठोरा सांगतो.

वनहक्काच्या दाव्याबरोबर पुरावे सबमिट करावे लागतात. सरकारी कागद हा एक पुरावा. जमिनीवरचे जुने बांध, विहीर, घर हाही पुरावा. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वृद्ध माणसांनी सांगितलेले आणि लिहून घेतलेले, तेही कायद्याने पुराव्यात धरले आहे. ज्या आजोबांना अक्षर येत नाही, त्यांची आठवणसुद्धा अशी कागदावर येते. पण लिहिणारा हवा. तो लिहिणारा आता तुमच्यातून निघाला पाहिजे.

चौथी भावकी : पास, ट्रान्स, पोर्ट

'पास' म्हणजे जाणे, पुढे जाणे. परीक्षेत पास झाला म्हणजे पुढच्या इयत्तेत गेला. पॅसेंजर म्हणजे जाणारा, प्रवासी. बायपास म्हणजे गावाच्या बाजूने जाणारा रस्ता. पासबुक म्हणजे बँक आणि खातेदार यांच्यामध्ये ये-जा करणारी वही. पासवर्ड म्हणजे आत जाऊ देणारा परवलीचा शब्द. तो शब्द ज्याच्या हाती पडला, तो तुमच्या खात्यात शिरला. म्हणून फोनवर कितीही गोड बोलून कोणी विचारले तरी तो सांगायचा नाही.

हिंदीत 'पास' म्हणजे जवळ. तो वेगळा, या घरचा नाही.

'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. ट्रान्झिट म्हणजे पलीकडे जाणे. ट्रान्सफर म्हणजे पलीकडे नेणे. शिक्षकाची ट्रान्सफर होते, तशी पैशांचीही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात होते.

'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. ट्रान्सपोर्ट म्हणजे माल पलीकडे वाहून नेणे, वाहतूक. रिपोर्ट म्हणजे बातमी परत वाहून आणणे. दवाखान्यात रक्त तपासायला जाते आणि रिपोर्ट परत येतो, नाही का? पण एअरपोर्ट, पासपोर्ट यांतला पोर्ट निराळा. त्याचा अर्थ बंदर, येण्याजाण्याचे ठिकाण.

आता 'ट्रान्झिट' आणि 'पास' एकत्र ठेवा. ट्रान्झिट पास. माल एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचा परवाना. जंगलातला बांबू, लाकूड बाहेर नेताना हा कागद लागतो. माल कोणता, किती, कोठून कोठे, किती तारखेपर्यंत, हे त्यावर लिहिलेले असते.

या दोन शब्दांसाठी आपल्या गडचिरोली जिल्ह्यात मोठा खटाटोप झाला. धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंडांचे गाव आहे. शेजारी लेखा गाव, म्हणून लोक त्याला मेंढा-लेखा म्हणतात. या गावाला सन २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या जंगलात बांबू पुष्कळ. हक्क मिळाला, पण ट्रान्झिट पास मिळेना. पासाशिवाय बांबू तोडला तरी विकायला नेता येईना. कोठीत धान आहे आणि किल्ली दुसऱ्याकडे आहे, अशी गत झाली.

भांडण कशाचे होते? तेही एका शब्दाचेच. सन १९२७ च्या वन कायद्यात बांबूला 'झाड' म्हटले होते. झाड म्हटले की ते लाकूड, आणि लाकडाचा हक्क गावाला नाही. सन २००६ च्या कायद्यात मात्र बांबू 'गौण वनोपज' म्हणून स्पष्ट लिहिला आहे. गौण वनोपजावर गावाचा हक्क. मेंढ्याचे लोक अभ्यासमंडळ चालवीत. कायदा वाचीत, समजून घेत, मग सर्वांच्या सहमतीने निर्णय करीत. त्यांनी हा शब्द धरून ठेवला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण बरोबर होते. त्या दिवशी ट्रान्झिट पासाचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. परवाना देणारे आता गावच झाले.

पुढे सन २०१२ मध्ये नियमच बदलले. गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाने द्यावा, असे ठरले. त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावलाही सामूहिक वनहक्क मिळाला. आणि सन २०१७ मध्ये १९२७ च्या कायद्यातल्या 'झाड' या शब्दाच्या व्याख्येतून बांबू काढून टाकला.

परवाना गावाने द्यायचा, म्हणजे गावातल्याच कोणाला तरी तो लिहायचा आला. कोणी लिहायचा? ज्याला नग मोजता येतात, तारीख लिहिता येते, आणि लिहिलेले वाचून पाहता येते, त्याने. तुम्ही आज जे शिकत आहात, त्याचे हे काम आहे.

पाचवी भावकी : झर्व्ह

हा तुकडा कधी 'सर्व्ह' तर कधी 'झर्व्ह' असा बोलला जातो. त्याचा अर्थ राखणे, जपणे.

रिझर्व्ह म्हणजे मागे राखून ठेवलेले. एकच शब्द तीन ठिकाणी पाहा.

रिझर्व्ह फॉरेस्ट म्हणजे राखीव जंगल. इंग्रज सरकारने सन १८७८ च्या कायद्याने जंगलाचे असे वर्ग पाडले. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. राखीव जंगलात, खास परवानगी असेल तेवढेच करता येते. बाकी मना.
टायगर रिझर्व्ह म्हणजे वाघांसाठी राखलेले जंगल. आपले ताडोबा-अंधारी हे असेच राखलेले जंगल.
रिझर्व्ह बँक म्हणजे देशाचा पैशाचा साठा राखणारी बँक. ती सन १९३५ मध्ये सुरू झाली. नोटेवर तिचे नाव असते, वाचून पाहा.

बल्लारशाहला रेल्वेत बसताना रिझर्व्हेशन करतात, तेही हेच. जागा राखून ठेवणे. वनखात्यात कंझर्व्हेटर नावाचे मोठे साहेब असतात. कंझर्व्हेटर म्हणजे राखणारा. मराठीत वनसंरक्षक.

खोटे भाऊ येथे दोन आहेत. सर्व्हिस म्हणजे सेवा, नोकरी. ते घर वेगळे. आणि सर्व्हे म्हणजे वरून पाहणे, पाहणी, मोजणी. तेही घर वेगळे. जमिनीचा सर्व्हे झाला म्हणजे जमीन राखीव झाली, असे कोणी सांगेल. तसे नव्हे. सर्व्हे ही नुसती मोजणी.

कागद हाती आला की काय करावे

एक. सही किंवा अंगठा करण्याआधी कागद वरपासून खालपर्यंत वाचावा. घाई करणाऱ्याला थांबवावे.

दोन. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. त्यात ओळखीचा तुकडा आहे का, ते पाहावे. रि आहे का? मिट आहे का? ट्रान्स आहे का?

तीन. तुकड्यावरून अर्थाचा अंदाज करावा. पण अंदाज म्हणजे खात्री नव्हे, हे विसरू नये. पाल आणि वनपाल आठवावे. अंदाज ग्रामसेवकाला, पटवाऱ्याला किंवा गावातल्या शिकलेल्या मुलीला विचारून पक्का करावा. "या शब्दाचा अर्थ काय?" असे विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता अंगठा करण्यात मात्र नुकसान आहे.

चार. अर्थ कळला की तो वहीत लिहून ठेवावा. एका पानावर एक भावकी. खोटे भाऊ खाली वेगळे. वर्षभरात तुमची स्वतःची शब्दांची वही तयार होईल. ती मुलांनाही उपयोगी पडेल.

अभ्यास

१. मोठ्याने वाचा आणि अर्थ सांगा : रिन्यू, परमिट, सबमिट, ट्रान्सफर, रिपोर्ट, रिझर्व्ह.

२. प्रत्येक ओळीत एक शब्द परक्या घरचा आहे. तो शोधा.
रिटर्न, रिक्षा, रिफंड.
परमिट, लिमिट, ॲडमिट.
रिझर्व्ह, कंझर्व्हेटर, सर्व्हिस.

३. दावा रिमांड झाला आणि दावा रिजेक्ट झाला, यांत भेद काय? दोन वाक्यांत लिहा.

४. एका कास्तकाराचा दावा उपविभागीय समितीने १ जूनला रिजेक्ट केला. त्याने जिल्हा समितीकडे अर्ज कोणत्या तारखेच्या आत करावा? जून ३० दिवसांचा आणि जुलै ३१ दिवसांचा आहे, हे धरून बोटांवर मोजा.

५. तुमच्या ग्रामसभेने १०० बांबू गडचिरोलीला न्यायचा परवाना द्यायचा आहे. त्यावर काय काय लिहाल? एका कागदावर लिहून आणा आणि वर्गात एकमेकांचे कागद तपासा.

६. घरात असलेला कोणताही एक सरकारी कागद घ्या. त्यातले न समजलेले तीन शब्द वहीत उतरवा. पुढच्या पाठाला येताना वही बरोबर आणा.